बसायला ऐसपैस

मी पोचलो तेव्हा गाडी अजून ओली होती. बॉनेटवरून पाणी निथळत होतं, बादलीत फडकं तरंगत होतं आणि अंगणातल्या बाजेभोवती शेजारपाजारची माणसं गोळा झाली होती. गुरुवार होता. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून मी काळेवाडीत घरीच होतो. रहाटणीहून सायकलवर आलेला दाजींचा शेजारी एवढंच म्हणाला, "दाजींचं काही खरं दिसत नाही, चला." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक काशिनाथ. दर गुरुवारसारखे सकाळी उठून ते गाडी धुवायला लागले, धुऊन झाल्यावर बाजेवर टेकले, चहा सांगितला... आणि आक्का कप घेऊन बाहेर आली तोवर गेलेसुद्धा. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. मला विचाराल तर त्यांनी आधी गाडी धुऊन पुरी केली आणि मगच बाकीचं मनावर घेतलं. माणूसच तसा होता.

त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांपैकी दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाडीचं पुढचं डावं दार बिघडलंय, आतून उघडत नाही, हँडलच नाही. मी मान हलवली. दार बिघडलेलं नव्हतं. ते हँडल दाजींनी स्वतःच्या हाताने काढलं होतं आणि पुन्हा कधी बसवलं नाही. आज हे लिहायला बसलोय ते त्या हँडलसाठीच म्हणा ना.

दाजी बासष्ट साली पिंपरीत आले. गाव चाकणच्या पुढं, भामा नदीच्या अंगाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली बरीच माणसं आता बदलली आहेत आणि न बदललेलीही माझ्याशी नीट बोलतात, उगाच कशाला. तेव्हा इथे एकेक कंपनी उभी राहत होती. दाजी एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागले, सिमेंटची पोती वाहिली, मग मशीनवर आले, आणि पुढे टूलरूमचे फोरमन झाले. त्यांना नम्रपणा फारसा ठाऊक नव्हता. आपल्याला येतं ते चारचौघांत सांगायला ते कधी लाजले नाहीत, आणि जे येत नव्हतं तेही अर्धं सांगून टाकायचे. रहाटणीला मळ्याच्या कडेला दोन खोल्या बांधल्या तेव्हा लोक विचारायचे, पुढं एवढी मोकळी जागा कशाला सोडली राव? दाजी म्हणायचे, गाडीला. तेव्हा त्यांच्याकडे सायकल होती.

गाडी आली ती कंपनीतल्या एका साहेबांकडून. साहेबांनी नवी घेतली, जुनी ताडपत्रीखाली पडली होती, ती दाजींनी घेतली आणि कितीतरी गुरुवार तिच्याखाली झोपून काढले. फिकट पिस्त्याच्या रंगाची, गोल पाठीची, मोठी. त्या काळात रस्त्यावर गाड्या होत्याच किती प्रकारच्या, वाचकांच्या लक्षात आलंच असेल. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहिली आणि दाजींनी आम्हा सगळ्यांना ओळीने आत बसवून भाषण दिलं. पुढची सीट सलग, तिच्यावर तिघं मांडी घालूनसुद्धा बसतील. गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पायात काही येत नाही. मागे चौघं, शिवाय मांडीवरची पोरं. डिकीत बाजरीचं पोतं, स्टोव्ह, गादी आणि भांडण झालं तर मेहुणा. मेहुणा म्हणजे मी. खड्ड्यातून जाताना ही गाडी हादरत नाही, नुसती मान डोलावते, असं ते म्हणायचे, आणि खोटं सांगत नाही, ते खरं होतं. चिखलीच्या वाटेने मी माझ्या स्कूटरवरून गेलो की कंबर धरून उतरायचो, आणि दाजी त्याच वाटेने आक्काला मांडीवर दुधाचं पातेलं देऊन घेऊन आले होते. माझ्या स्कूटरला ते शेळी म्हणत.

गाडीला दोष नव्हते का? होते. पेट्रोल प्यायची, चढाला तापायची, पावसात काच पुसणारा दांडा मनात येईल तेव्हा थांबायचा आणि स्टिअरिंग वळवून वळवून दंड भरून यायचे. पण यातलं काही दाजींसमोर काढायची सोय नव्हती. एकदा चाकणच्या अलीकडे इंजिनातून वाफ निघाली, आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे, आणि हे पाणी ओतत ओतत मला म्हणाले की तू दिवसातून सहा कप चहा पितोस, ती एकदा पाणी प्यायली तर तुझ्या पोटात का दुखतंय? गाडी तापलेली आणि हे तिचं कौतुक करतायत, असा तो सोहळा होता. वस्तीतल्या निम्म्याअधिक नवरदेवांच्या वराती ह्याच गाडीतून निघाल्या. चौदा एप्रिलला तिला निळ्या पताका लागायच्या आणि पुढच्या काचेतून रस्ता दिसेनासा व्हायचा, तरी चालवणार हेच.

आता आत्याचं सांगतो. दाजींची आई म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्यात आक्का मामाची मुलगी म्हणून त्या घरात गेली. आत्या गावीच राहायची. गाडी चालू झाल्यावर दाजींची एकच इच्छा होती, आईला पुढच्या सीटवर बसवून गावात न्यायचं. मुंबई नाही, महाबळेश्वर नाही, आपल्याच गावात. कारण असं, की गावात शिरल्यावर आधी चावडी लागते आणि आमची वस्ती तिच्या पलीकडे. जुन्या काळी आमच्या माणसांनी चावडीसमोरून बसून जायचं नाही, असा रिवाज होता. बैलगाडीत असलात तर अलीकडे उतरायचं, वहाणा हातात घ्यायच्या, चालत चावडी ओलांडायची आणि मग पुन्हा बसायचं. बाळंतिणीसुद्धा उतरायच्या. छप्पन सालानंतर आमच्या घरातले देव गेले, नावं बदलली, पुढं कायदेही झाले, आणि चावडीवर बसणाऱ्यांपैकी कुणी तोंडाने काही म्हणायचं बंद झालं. पण आत्याच्या पायातलं ते उतरणं काही गेलं नाही.

पहिल्या खेपेला तिला आम्ही रहाटणीला चार दिवस ठेवून घेतलं आणि गुरुवारी गाडीतून गावी निघालो. दाजींनी नवा शर्ट घातला होता. आत्या पुढे बसली, मागे आक्का, मुलं आणि मी. सगळी वाट ती खूश होती. चावडीचा लिंब दिसला आणि ती म्हणाली, "थांब काशी." दाजी म्हणाले, "आये, बस. काय नसतं आता." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने हँडल ओढून दार उघडलं. चालत्या गाडीचं दार! दाजींनी करकचून ब्रेक लावला. म्हातारी उतरली, वहाणा हातात घेतल्या आणि खाली मान घालून चालायला लागली. तिच्यामागून आमची ती पिस्त्याच्या रंगाची गाडी पहिल्या गिअरमध्ये, तिच्या चालीने. चावडीवरून कुणीतरी हसून म्हणालं की बस की म्हातारे, आता कुठं राहिलंय ते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसेल. पण आम्ही बसायचं की नाही ते अजून चावडीवरूनच सांगितलं जात होतं, आणि दाजींना तेच लागलं. परतीच्या वाटेवर ते गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या गुरुवारी त्यांनी ते हँडल काढलं. आक्का चिडली. म्हातारीला कोंडून नेणार का, असं तिने भर अंगणात विचारलं, आणि मलाही तिचं म्हणणं पटलं होतं. दाजी म्हणाले की मी चोरून काही करणार नाही, तिला सांगेन आणि मगच बसवेन. तसंच केलं. दिवाळीनंतर आत्याला पुन्हा गावी पोचवायची वेळ आली तेव्हा गाडीत बसायच्या आधी त्यांनी तिला ती रिकामी जागा दाखवली. "आये, हे दार आतून उघडत न्हाई. मी येऊन उघडल्याशिवाय तुला उतरता यायचं न्हाई. बसतीस का?" आत्याने त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. मग "बरं," म्हणाली आणि बसली.

लिंब दिसला. मी मागे बसून तिच्याकडे बघत होतो. पायातल्या वहाणा तिने कधी काढल्या कुणास ठाऊक, त्या तिच्या मांडीवर होत्या. डावा हात दारावर गेला, हँडल नव्हतं तिथे चाचपडला आणि तिथेच थांबला. दाजींनी गाडीचा वेग कमी केला नाही आणि वाढवलाही नाही. चावडी आली... गेली. वस्तीच्या तोंडाशी आत्याने वहाणा खाली टाकल्या, पायात घातल्या, पदर सारखा केला आणि विचारलं, "ही काच खाली कशी घ्यायची रं?" आक्काने मागून हात घालून काच उतरवून दिली. मग आत्या म्हणाली, "काशी, फिरव. परत जाऊ."

त्या क्षणी दाजींचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण कान लाल झालेले दिसले. गाडी फिरवायला ती वाट अरुंद, स्टिअरिंग जड, तरी त्यांनी ती एका दमात फिरवली. या वेळी चावडीवरचे तात्या उठून रस्त्यावर आले होते. ज्यांच्या रानात आत्याने जन्मभर खुरपलं ते हे तात्या. दाजींनी गाडी थांबवली. तात्या खिडकीशी वाकले. "काशीची आई न्हवं का? गाडी कुनाची म्हनायची?"

"आमची हाय," आत्या म्हणाली. "बसायला लई ऐसपैस हाय."

एवढंच. तात्या व्हय व्हय म्हणाले, टपावरून हात फिरवला, आणि आम्ही निघालो. चार पावलांवर मागची मुलं ओरडायला लागली, आक्का रडत होती आणि मी, खरं सांगतो, दाजींच्या खांद्यावर बुक्क्या मारत होतो. गाडी चालवणाऱ्या माणसाला असं करू नये. पुढे वळून पुन्हा वस्तीत आल्यावर त्या रात्री जेवणं होईपर्यंत आत्या प्रत्येकाला एकच सांगत होती, "मी बसून बोलले. तात्या उभं हुतं." आणि दाजी ज्याला त्याला विचारत होते, सांग, आहे की नाही ऐसपैस? आईचं ते वाक्य त्यांनी नंतर इतक्या वेळा ऐकवलं की गाडी विकणाऱ्या कंपनीने त्यांना नोकरीवर ठेवायला हवं होतं. पुढे एकदा आत्यानेच मला सांगितलं की दार उघडत नव्हतं म्हणून बसले, नाहीतर पाय राहिले नसते.

नंतर हँडलची गरज उरली नव्हती. आक्काने दोनतीनदा आठवणही करून दिली. पण दाजींनी ते फडक्यात गुंडाळून टूलबॉक्सच्या तळाशी ठेवलं होतं ते तिथेच राहू दिलं. लग्नकार्यात, विहारापुढे, कंपनीच्या गेटवर, कुठेही गाडी थांबली की टूलरूमचा हा फोरमन उतरायचा, गाडीला वळसा घालून यायचा आणि आईसाठी दार उघडून उभा राहायचा. लोकांना वाटायचं काय हा मातृभक्त, आणि काहींना वाटायचं काय ही जुनाट गाडी. मी एकदा टिंगल केली तर मला म्हणाले, "ती सगळ्यांसाठी उतरली रं जन्मभर. तिच्यासाठी कुनीतरी उतरू दे की."

दाजी गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि आत्या गावी परत जायचं म्हणाली. लेक गेल्यावर म्हातारी खचेल असं सगळ्यांना वाटत होतं. ती रडली, पुष्कळ रडली, पण निघायच्या दिवशी ताठ होती. गाडी मी चालवली. मला शिकवणारे दाजीच, शिव्या देऊन शिकवलेली. मागे आक्का बसली होती. लिंब दिसला तशी आत्याने स्वतःच काच खाली घेतली. चावडीवर चारजण होते. गाडी ओळखून ते उठले, टोप्या काढल्या आणि आम्ही पुढे जाईपर्यंत उभे राहिले. आत्याने त्यांच्याकडे बघून मान हलवली... बसूनच. आणि मला वाटलं, दाजी, जिंकलात.

वस्तीत गाडी थांबवून मी उतरलो, डिकीतून पिशव्या काढल्या, भेटायला आलेल्यांशी बोलत राहिलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की आत्या दिसत नाही. ती गाडीतच होती. मांडीवर हात ठेवून, समोर बघत, कुणालाही हाक न मारता बसली होती. मी धावतच वळसा घालून गेलो आणि दार उघडलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती उतरत होती तेव्हा मी म्हणालो की हँडल टूलबॉक्समध्येच आहे, येत्या गुरुवारी बसवून टाकतो.

"कशाला?" आत्या म्हणाली. "तू हाईस की."

घरी येऊन मी ते हँडल बाहेर काढलं. गंज नव्हता, दाजींनी अधूनमधून तेल दिलेलं दिसत होतं. मीही तेलाचा हात फिरवला आणि पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळून ठेवून दिलं.