दुपारची वही

माझ्या धाकट्या बहिणीला एका जागी बसवत नाही. चहासुद्धा ती उभ्यानेच पिते, एक पाय उंबऱ्याबाहेर. ती शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी तिचं नाव ‘डबकेबाई’ ठेवलंय, आणि ते तिला ठाऊकही आहे.

तीन वर्षं ती सहावीच्या मुलांना गावाबाहेरच्या दलदलीवर नेते आहे. दोरीला बांधलेली बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, मग भरायची, औषधाचे थेंब टाकायचे. निळा रंग जितका गडद, तितका पाण्यात प्राणवायू जास्त. आकडा वहीत. मी चाळीस वर्षं रंगमंचावर काढली, पण बहीण बाटली उंच धरते तेव्हा मुलं जशी श्वास रोखतात, तसं प्रेक्षागृह मला फार थोड्या वेळा लाभलं.

त्या आठवड्यात मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वस्तीचं गटार दलदलीत सोडतात. ते वळवायचं की नाही, यावर शुक्रवारी नगरपालिकेत बैठक होती. अभियंत्याने तिची वही मागवली होती. वहीत पानोपानी ‘उत्तम’. आणि काठाला मेलेले मासे.

“ताई, काहीतरी चुकतंय,” ती येरझारा घालत म्हणायची, “पण कुठे?”

बुधवारी मासेवाली टोपली घेऊन दारात आली. तिचा नवरा त्याच पाण्यात जाळं टाकतो.

“काय हो बाई, तुमच्या वहीमुळे गटार तसंच राहणार म्हणे?”

“मी जे दिसलं ते लिहिलं.”

“कधी दिसलं? पहाटे या की! मासे तोंडं वर काढून धापा टाकत असतात.”

“आमचा विज्ञानाचा तास साडेबाराला असतो.”

“मग वही दुपारची झाली. मासे काय दुपारपुरते जगतात?”

बहीण मटकन खाली बसली. बसलेलं मी तिला त्या आठवड्यात तेव्हाच पाहिलं. “गटाराच्या पाण्यावर माजलेलं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर स्वतःच वापरतं. हे मी फळ्यावर लिहून देते गं! आणि बाटली बुडवते वेळापत्रक बघून!”

“म्हणजे नुसता दुपारचा खेळ बघून नाटकाचं परीक्षण लिहिलंस,” मी म्हणाले. ती हसली नाही.

गुरुवारी उजाडायच्या आत आम्ही दोघी काठावर होतो. थेंब पडले. पाणी जेमतेम निळसर झालं. तिने तीनदा तपासलं, तिन्ही वेळा तेच.

शुक्रवारी ती बैठकीत उभी राहिली. “ही वही खरी आहे, पण अर्धी आहे. चूक माझी, मुलांची नाही.”

अभियंता चष्मा पुसत म्हणाला, “मग आम्ही कुठला आकडा धरायचा?”

“दोन्ही. पण मरण पहाटेच्या आकड्यात आहे.”

कुणीतरी मागून खुसखुसलं. ती तशीच उभी, हातातली वही घट्ट धरून. शेवटी निर्णय महिनाभर पुढे ढकलला गेला, पहाटेचे आकडे येईपर्यंत.

सोमवारी वर्गात तिने सगळं सांगितलं. पहिल्या बाकावरची मुलगी रडवेली झाली. “बाई, म्हणजे आपण तीस दिवस पहाटे उठायचं?”

“ज्याला जमेल त्याने.”

दुसऱ्या दिवशी बत्तिसांपैकी अकरा जण आले, एक तर उलटा स्वेटर घालून. बहीण त्यांच्याआधी अर्धा तास येऊन काठावर फेऱ्या मारत होती.