गालातलं मोरचूद

परवा एका शिकलेल्या भाच्याने फोनवर सांगितलं की कॅन्सरवर धातूची औषधं शोधताहेत, उजेड पाडला की तेवढ्याच जागी काम करणारी. "म्हणजे आपले वैद्यबुवा बरोबरच होते ना?" असं त्याने वर विचारलं. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपणारी माणसं आणि तो भामटा त्याने एका ओळीत बसवले. माझं डोकंच फिरलं.

हे वैद्यबुवा ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्यात होते. मूळचे दवाखान्यातून काढून टाकलेले कंपाउंडर. पण गळ्यात माळ होती, आणि आमच्या भागात तेवढं पुरत होतं. बोरगावचे माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांच्या गालात आतून जखम झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगून ऑपरेशन करा म्हटलं. वैद्यबुवांनी ऊन घ्या म्हटलं. घरच्यांना अर्थातच ऊन आवडलं.

निळा लेप गालात भरायचा, अंगणात खाटेवर तोंड उघडून बसायचं, आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे मोठीआईने, आरसा धरून जखमेवर कवडसा पाडायचा. हे बघायला अर्धं गाव जमायचं. काही जण तर नारळ घेऊन यायचे!

पहिल्याच दिवशी मोठेबाबा थुंकले. "अरे, हे तं मोरचूद होय! आपण संत्र्याच्या बुंध्याले लावतो थेच!"

वैद्यबुवा हसले. "शेतातलं मेलेलं असते, पाटील. हे तांबं जिवंत हाय. ऊन पडलं का जागं होते अन् रोग खाते. इचारा तुमच्या मास्तरले."

मास्तर म्हणजे मी. सौंसरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, विष, हे माझ्या नववीच्या पोरांनाही ठाऊक होतं. आणि सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर मी काय बोललो? "तांब्यात गुण असतात म्हणा." वैद्यबुवा निदान पोटासाठी खोटं बोलत होते. मी फुकट बोललो.

महिनाभरात तोंड सोलून निघालं, पेजही घशाखाली जाईना. वैद्यबुवा म्हणाले, रोग बाहेर पडून राहिला. पण ती जखम रोज जवळून बघणारी एकटी मोठीआई होती. एका सकाळी तिने आरसा खाली ठेवला.

"मले दिसून राहिलं. थे वाढून राहिलं. आता मी कोणाचं आयकत नाही."

लुगडं बदलून ती सरळ मोटार स्टँडवर निघाली. तिच्या मागे मोठेबाबा, त्यांच्या मागे मी.

नागपूरला अर्धा गाल काढला. मग सलाईनमधून औषध दिलं, तेही धातूचंच, प्लॅटिनमचं. बाटलीला काळा कागद गुंडाळलेला. नर्स म्हणाली, याला उजेड चालत नाही. मला हसू फुटलं. बादलीत ओकत असलेल्या मोठेबाबांना वाटलं, मी त्यांनाच हसतो आहे. त्या औषधाने त्यांचे फार हाल झाले, पण पुढे ते दोन वर्षं जगले आणि संत्र्याचे दोन बहार स्वतः उभं राहून तोडून घेतले.

तेरवीला वैद्यबुवा न बोलावता आले आणि पहिल्या पंगतीत बसले. बुंदी मागून घेत म्हणाले, "ऊन सोडलं नसतं तं पाटील आज बसले असते इथं."

मोठीआई दारात बसली होती. "उठा," ती म्हणाली. "माह्या घरच्या पानावरून उठा."

ते उठले. जेवत्या माणसाला उठवलं म्हणून नातेवाइकांनी तिला कितीतरी दिवस नावं ठेवली. मीही त्याच पंगतीत होतो. खाली मान घालून पोटभर जेवलो.