सर्दी गेली कुठं?

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. मग पेन हातात आलं ते रेशनच्या दुकानात सही करण्यापुरतंच. कोणी हे वाचलंच तर तेवढं समजून घ्यावं. तोंडाने सांगायची मला लाज वाटते, म्हणून लिहिते आहे.

आम्ही तेव्हा कोपरखैरण्याला माथाडींच्या खोल्यांत राहायचो. मसाला बाजार मुंबईतून इकडे आला त्याला थोडीच वर्षं झाली होती. आमचे हे तिथे एका टोळीत होते. टोळीने मिरचीची पोती गाडीतून उतरवायची, गाळ्यात थप्पी लावायची आणि मजुरी सगळ्यांनी सारखी वाटून घ्यायची. मिरचीच्या बाजारात शिंकेला कोणी आजार म्हणत नाही. तिथे व्यापारी शिंकतो, गाडीवाला शिंकतो, चहावालाही शिंकतो. म्हणून यांना खरी सर्दी झाली तेव्हा कोणालाच कळलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही. रविवारी बाजार बंद होता, तरी नाक वाहतच होतं. तेव्हा मी म्हटलं, ही काही मिरची नाही.

"उद्या घरी राहा की."

"आन् माझी पोती कुनी उचलायची? नाक गळतंय म्हून घरी बसलो तर जलमभर शेंबड्या म्हनत्याल. जा, मेडिकलातनं गोळी आन."

आमच्या गावी सर्दीला गवती चहा, आलं, मिरी आणि डोक्यावरून चादर घेऊन वाफ. मेडिकलमध्ये मी कधी एकटी गेले नव्हते. काउंटरपाशी पदर सावरत उभी राहिले. माझ्यामागून आलेली माणसं औषधं घेऊन गेली तरी माझं तोंड उघडेना. शेवटी दुकानदारानेच विचारलं, "बोलो भाभी, क्या हुआ?"

"सर्दी."

"किसको?"

नवऱ्याला, असं म्हणायला जीभ वळेना. "घरात," मी म्हटलं.

त्याने पुढे काही विचारलं नाही. ताप आहे का, किती दिवस झाले, माणूस काम काय करतो, काही नाही. दोन पाकिटं पुढे टाकली. "सुबह, दोपहर, शाम. एक घंटे में सर्दी गायब."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. सर्दी तासाभरात गायब होते, तर ती जाते कुठे? नाकातून बाहेर आली तर दिसते. आत राहिली तर कुठेतरी जाऊन बसणारच.

गोळीने नाक खरंच थांबलं. पण दुसऱ्या दिवशी हे बाजारातून आले ते डोळे जड, तोंड कोरडं. जेवताना घास हातात धरून तसेच बसून राहिले. भाकरी वाढायच्या निमित्ताने मी जवळ वाकले आणि तोंडाचा वास घेतला.

"हुंगतीस काय? प्यालो न्हाई मी."

शेजारच्या खोलीत आक्का राहायची. आमच्या सातारकडचीच. तिने कुजबूज केली तरी जिन्यापर्यंत ऐकू जायची. तिला सांगितलं तर ती हसली. "अगं, सर्दीच्या गोळीनं झोप येतीच. तुला समद्यात इखच दिसतं!"

मला खरंच दिसत होतं. पाकिटावरची अक्षरं इंग्रजी, मला वाचता येईनात. ज्यावर काय लिहिलंय ते कळत नाही, ते माणसाच्या पोटात कसं घालायचं?

त्याच्या पुढच्या संध्याकाळी हे हसत हसत म्हणाले, "आज फळीवर पाय कुठं पडला कळलंच न्हाई. मागच्यानं दंड धरला म्हून वाचलो."

गाडीला एक लाकडी फळी तिरकी लावलेली असते. पाठीवर पोतं घेऊन तिच्यावरून खाली उतरायचं. खाली फरशी. मला काही हसू आलं नाही.

"दिवसाला किती गोळ्या घेता?" मी विचारलं.

"तू दिल्याल्या तीन. आन् मुकादम सकाळच्या च्यासंगं देतो ती एक."

"मुकादम कसली देतो?"

"सर्दीचीच की. कुनाचं नाक गळाय लागलं की देतो. काम थांबाय नको म्हून."

त्यांच्या खिशात मुकादमाची एक गोळी होती, वेष्टनासकट कापून दिलेली, पांढरी. माझी पिवळी. दोन्ही रुमालात बांधल्या आणि सकाळी हे गेल्यावर आक्काला घेऊन दवाखान्यात गेले. आक्कानेच सुरुवात केली. "डॉक्टरीणबाई, हिला वाटतंय, सर्दी आत दडून बसलीया."

मी रुमाल सोडून गोळ्या पुढे ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बघायच्या आधी विचारलं, "ते काम काय करतात?"

हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. मी पोती सांगितली, फळी सांगितली. त्यांनी दोन्ही गोळ्यांच्या वेष्टनामागचं वाचलं. "रंग वेगळा, नाव वेगळं, पण औषध तेच आहे. दोन्ही घेतल्या की दुप्पट होतं. आणि याने गुंगी येते. फळीवर चढणाऱ्याने ही गोळी घेऊन कामाला जायचंच नाही."

"मग सर्दी जाते कुठं?" हे मीच विचारलं.

"कुठे जात नाही. गोळीने नाक थांबतं, एवढंच. सर्दी आपली मुदत संपली की जाते. वाफ द्या, गरम काहीतरी प्यायला द्या, झोपू द्या. ताप चढला किंवा दम लागला तर इकडे आणा."

घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणाले, "डॉक्टरीणबाईला पोतं उचलायचं नसतंय. बरं, मुकादमाची न्हाई घेत. तुझीच घेतो."

सकाळी मी पाणी भरून आत आले तोवर त्यांनी गोळी घेतलीसुद्धा. मग हूक शोधू लागले. पोतं ओढायचा लोखंडी हूक प्रत्येक माथाड्याचा आपला असतो. दुसऱ्याचा कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. खाटेखाली बघितलं, फळकुटावर बघितलं, दाराच्या मागे बघितलं.

"हूक कुठाय माझा?"

मी भाकरी थापत होते. हूक माझ्या मांडीशेजारी होता, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. रात्रीच खोल खुपसून ठेवला होता, कारण माझ्या गोळ्या लपवल्या तरी मुकादमाच्या होत्याच, आणि मला त्यांच्या शब्दाचा भरवसा नव्हता.

"तू घेतलास का?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. माझ्या गप्प बसण्याचा कोणाला संशय येत नाही, मी नेहमीच गप्प असते.

चिडून ते भिंतीला टेकून बसले. बसल्या बसल्या डोळा लागला. दारात भाजीवाली ओरडून गेली, आक्काचं पोरांवर ओरडणं झालं, तरी हलले नाहीत. मी समोर बसून बघत होते. ही झोप या वेळी फळीवर आली असती.

दुपारी उठले तेव्हा हूक त्यांच्याजवळ ठेवला. त्यांनी बोटाने त्यावरचं पीठ पुसलं.

"पिठात?"

"हं."

"लोखंडाची भाकरी घालनार व्हतीस व्हय मला?"

पण बरं वाटेपर्यंत घरी राहिले. टोळीत शेंबड्या हे नाव पडलं, ते पुढच्या हंगामाची मिरची येईपर्यंत टिकलं. मुकादमाने गोळ्या वाटणं बंद केलं असं हे सांगतात. मला अजून खरं वाटत नाही.

एक पाकीट न फोडलेलं राहिलं होतं. घरात ठेवलं तर पुढच्या सर्दीला हे घेणारच. ते घेऊन मेडिकलमध्ये गेले.

"दवाई वापस नहीं होती, भाभी."

मी तिथेच उभी राहिले. गिऱ्हाईकं वळून बघू लागली तेव्हा तो म्हणाला, "कल आना." दुसऱ्या दिवशी गेले. म्हणाला, सेठ नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने पाकीट उलटंपालटं करून घेतलं, थोडे पैसे ठेवले आणि बाकीच्याच्या बदल्यात बरणीतली चॉकलेटं काढली. "छुट्टा नहीं है."

मी चॉकलेटं बोटाने परत सरकवली. आणि म्हटलं, "पुढच्या बाईला विचारा, माणूस काम काय करतो."

त्याने गल्ला उघडून उरलेले पैसे काउंटरवर ठेवले. मी त्याच्यासमोरच मोजले. पुरे होते.