मापाचे बूट

लिसांद्रो रेतामालला आमच्या लास लेंगास गावातली सगळी पोरं काका म्हणायची. इकडे मास्तरांनाही काकाच म्हणतात, पण लिसांद्रो मास्तर नव्हता. वर श्रीमंत लोक बर्फावर घसरायला यायचे, त्या उतारावर माणसांना वर नेणाऱ्या पाळण्याच्या तारा तो सांभाळायचा. तिथे टाकून दिलेले स्नोबोर्ड आणि बूट खाली आणून दुरुस्त करायचा आणि गावच्या पोरांना फुकट शिकवायचा. फुकट शिकवतो म्हणून कुणाचं काही ऐकून घेईल तर शपथ.

पोर दारात उभं राहिलं की गप्पा मारत तो त्याच्या मागे जायचा आणि पाठीत हळूच धक्का द्यायचा. तोल सावरायला जो पाय पुढे पडेल, तो बोर्डवर पुढे. बोर्ड उभा धरला की पोराच्या हनुवटीला लागला पाहिजे. बुटांच्या बाबतीत तर तो महाहट्टी. बूट चढवून आवळायचा, पोराला गुडघ्यात वाकवायचा, आणि टाच जरा जरी उचलली गेली की बूट परत. टाच सुटली की बोर्ड सुटला, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

यावरून आम्हा बायकांचा त्याच्याशी कायमचा वाद. आमच्याकडे मुलाला मापाचं घेणं म्हणजे उधळपट्टी. शाळेच्या बुटात कापूस कोंबायचा, पुढच्या वर्षी तो काढायचा. मी माझ्या लग्नातसुद्धा थोरल्या बहिणीच्या बुटात कापूस घालून नाचले. लिसांद्रोपुढे मात्र कुणाची डाळ शिजायची नाही.

मग बर्फ पडेनासा झाला. जूनच्या शेवटी, आमचा हिवाळा सुरू होताना, सान हुआनच्या सणाला लिसांद्रो मापं घ्यायचा. पायाला बसावेत म्हणून पोरं बूट घालून घरभर धपधप करायची. सप्टेंबर उजाडायचा, हिवाळा सरायला यायचा, तरी उतारावर नुसता चिखल. पुढच्या सणापर्यंत बूट आखूड झालेले. असे दोन हिवाळे गेले. पाळणा बंद पडला, त्याचं कामही गेलं. माझ्या पावाच्या भट्टीपाशी येऊन बसायचा, पुढे ठेवलेल्या पावाला हात लावायचा नाही.

तिसऱ्या वर्षी शेजारची नेल्दा आपल्या लेकीला, पास्क्वालाला घेऊन त्याच्याकडे आली. पोरगी दोन्ही हिवाळे वाट बघून कंटाळलेली.

"यंदाही काही पडत नाही, लिसांद्रो," नेल्दा म्हणाली. "मोठेच द्या तुम्ही. पुढच्या वर्षी तरी होतील."

मी पाव द्यायला गेले होते. वाटलं, आता हा भडकणार. पण तो खिडकीतून तपकिरी डोंगराकडे बघत राहिला आणि घेऊन जा म्हणाला. कापूसही त्यानंच कोंबला. तो भडकला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाच वाटलं.

ऑगस्ट संपता संपता एका सकाळी उतार पांढरा दिसला. बर्फ जेमतेम घोट्याएवढा, पण पोरांना कोण आवरणार? लिसांद्रो धावत पोचेपर्यंत पास्क्वाला वरून निघाली होती. थांबायला टाचेवर जोर दे म्हणून तो ओरडला. पोरीनं दिलाही. पण टाच बुटातल्या बुटात वर सरकली, आणि बोर्ड सरळ खाली धावला. पातळ बर्फाखाली दगड होते.

घोटा मोडला. हाड जिथून वाढतं तिथेच मोडलंय, हा पाय आता आखूड राहणार, असं शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं. नेल्दानं लिसांद्रोला बोल लावला नाही. मीच मागितले होते, एवढंच ती म्हणाली.

"मागतात सगळ्याच," तो म्हणाला. "मी देत नव्हतो."

मला दोघांचाही राग आला. आभाळाचा सगळ्यात जास्त.

यंदा बर्फ असा पडला की कुंपणं बुडाली. नेल्दाचा धाकटा एलिसेओ हट्टाला पेटला, तेव्हा काळीज घट्ट करून ती त्याला घेऊन आली. याला मापाचे द्या, म्हणाली. लिसांद्रोनं बूट चढवला, आवळला, पोराला वाकवलं. टाच जागची हलली नाही, मला दिसत होतं. त्यानं बूट काढला, पुन्हा चढवला, पुन्हा आवळला. मग पुन्हा काढला.

"बसलाय की, काका," पोर म्हणालं.

"बसलाय, लिसांद्रो," मीही म्हटलं.

तो बूट मांडीवर घेऊन बसला. "याला घरी ने, नेल्दा," तो म्हणाला. "मला आता कळत नाही."