खळ्यावरची झडती

"वटी झाडी दखाड."

मळ्याचे मालक आप्पा एवढंच बोलले. खळ्यावर गावातले शेतकरी बसलेले. सगळे पुरुष. मी उठले. कमरेला ओटीसारखा खोचलेला पदर सोडला. झाडला. मोहरीचे चार दाणे ताडपत्रीवर पडले.

"निंघनी ना," कोणीतरी म्हणालं. हसले सगळे.

सकाळपासून मोहरी झोडपत होते मी. दाणे केसांत होते, कानांत होते, चोळीतही होते. झोडपणारीच्या अंगावर दाणे निघतात, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी हसले.

मी सातपुड्यातली, धडगावच्याही वरची. सातवीत शाळा सुटली. घरची बोली पावरी, आप्पांची अहिराणी त्यांच्याकडे येऊन शिकले. तापीकाठच्या त्या मळ्यात त्यांनी मला काम दिलं, खोली दिली. आई भेटायला आली आणि तापाने पडली, तेव्हा त्यांनीच गाडी काढून तिला चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं. आई वाचली. तेव्हापासून आप्पांसमोर माझी मान वर झाली नाही. ते ओरडले की माझंच चुकलं असेल, असं वाटायचं. खोली जाईल, ही धास्ती तर रोजचीच.

त्या दिवशी तेलाच्या कंपनीचा साहेब आला होता. शेतातले दोन तुकडे दोरीने मोजून, कापून वाळवले होते. तुकड्याची मोहरी तोलायची आणि तिच्यावरून एकराचा अंदाज बांधायचा. अंदाज चांगला आला तर पुढच्या हंगामात कंपनी गावाची मोहरी घेणार, भाव आधीच ठरवून देणार. बाजार चढता राहील, असं साहेब सांगत होता. आप्पांनी आपली मोहरी कशी लोंबतेय ते गावभर सांगून ठेवलं होतं.

पहिल्या तुकड्याचं वजन कमी भरलं. एवढ्याशा तुकड्यात मूठभर कमी, म्हणजे एकरात किती कमी! आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी खळ्यावर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. झोडपायला मी एकटीच होते.

मग पदर. मग हसणं.

दुसऱ्या तुकड्याची रास झाली. मी पाखडून सूप खाली ठेवलं आणि माणसं पुढे सरकली. खळ्यावर आलेला माणूस धान्यात हात घालणारच, ती रीतच आहे. मूठ भरायची, तळहातावर चोळायची, दोन दाणे दाताखाली फोडायचे. उरलेले खिशात. घरी दाखवायला. एकाने घेतले, दुसऱ्याने घेतले. साहेबाने रुमालात बांधून खिशात टाकले. पहिल्या राशीलाही तोलण्याआधी असंच झालं होतं. सूप तर मीच पुढे केलं होतं, हसून.

अजून तोललं नव्हतं.

आप्पा म्हणाले, आधी पदर झाड, मग राशीला हात लाव.

खोली आठवली. आई आठवली. हात पदराकडे गेलाही. आणि तिथंच थांबला.

"आप्पा, पहिले तुमना खिसा दखाडा. समदासना. मंग मन्हा पदर."

कोणी हसलं नाही. साहेबाचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. खिसा कोणीच उलटा केला नाही.

आप्पा जवळ आले. हळू बोलले. "तुन्ही मायले कोणी वाचाडं?"

"तुम्हीच," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

पण पदर झाडला नाही. सूप तिथंच ठेवलं. दिवस मावळायच्या आत खोली सोडली.

आता विसरवाडीकडे दुसऱ्यांच्या खळ्यांवर जाते. कधी काम मिळतं, कधी नाही. आप्पांचे उपकार मी नाकारत नाही. त्यांच्या घरी कोणी आजारी पडलं तर उशाशी बसेन, पाणी भरेन. पण काम धरण्याआधी आता प्रत्येक मालकाला तोंडावर सांगते. इथं झडती झाली तर पहिला खिसा मालकाचा. ऐकून काही जण मला परत पाठवतात.

मी परत जाते. पदर खोचलेलाच असतो.