स्लाइडची कड

आयुष्यभर ताईने एकच प्रश्न उराशी धरला: रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट इतक्या कमी, तरी काही माणसांना रक्तस्राव कसा होत नाही? या प्रश्नावर तिने डॉक्टरेट मिळवली, चौदा शोधनिबंध लिहिले, प्रयोगशाळेची प्रमुख झाली. लग्न तेवढं राहून गेलं. आणि या दुर्मीळ विकाराची पहिली रुग्ण कोण, तर तिची सख्खी धाकटी बहीण.

धाकटीच्या प्लेटलेट भरल्या तीस हजार, हव्यात दीड लाखाच्या वर. ताईने स्वतः रक्त काढलं, स्वतः चारदा यंत्रातून मोजलं. तेव्हापासून धाकटीच्या संसारात ताईचे नियम आले. दात मऊ ब्रशने घासायचे, सुरीला हात लावायचा नाही. चिरण्या-कापण्याचं काम मेहुण्यांकडे गेलं ते गेलंच. ‘आमच्याकडे हत्यार फक्त ह्यांच्या हातात,’ असं धाकटी पाहुण्यांना हसत सांगायची.

मग तिला दिवस राहिले. ‘बाळंतपणात हातची जाशील गं,’ ताई म्हणाली होती. ‘मला तू हवी आहेस.’ धाकटीने ऐकलं, मूल ठेवलं नाही. ती ताईचं नेहमीच ऐकायची, तेच नडलं.

निवृत्तीच्या आठवड्यात ताईची तपासणी झाली. तंत्रज्ञ बाई कागद घेऊन आल्या.

‘मॅडम, अठ्ठावीस हजार आल्यात. पण घाबरू नका, स्लाइडच्या कडेला गुठळ्या दिसतायत. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं औषध तुम्हाला चालत नसणार. निळ्या टोपणाच्या नळीत परत घेते.’

परत घेतलं. दोन लाख चाळीस हजार.

ताईला हे नवीन नव्हतं. नळीतल्या औषधाने काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, यंत्राला त्या दिसत नाहीत आणि आकडा खोटा येतो, हे ती गेली वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत होती. पण ते कळलं तेव्हा धाकटीवरचे निबंध छापून झाले होते. घरचं रक्त पुन्हा तपासायचं तिच्या मनात आलं नाही. की आलं होतं आणि तिने बाजूला सारलं? आता तिला नक्की सांगता येईना, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

कपाटातून तिने पहिल्या क्रमांकाची, धाकटीची स्लाइड काढली. मधोमध तुरळक प्लेटलेट, आठवत होत्या तशाच. मग तिने स्लाइड सरकवून कड पाहिली. तिथे ओल्या साखरेसारखे गोळेच्या गोळे चिकटून बसले होते. तिच्या जन्मभराच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत मावत होतं. रक्तस्राव होत नव्हता, कारण प्लेटलेट कमी नव्हत्याच.

गप्प बसता आलं असतं. परवा निरोप समारंभ होता, पहिल्या रांगेत धाकटी बसणार होती. कुणाला काय कळणार होतं? ताईने निळ्या टोपणाची एक नळी पर्समध्ये टाकली आणि बहिणीकडे गेली.

‘निवृत्त झालीस तरी माझं रक्त प्यायचं सोडू नकोस,’ म्हणत धाकटीने हात पुढे केला. ताईने नळी प्रयोगशाळेत नेली, प्लेटलेट मोजल्या, त्या दीड लाखाच्या वरच भरल्या, आणि ती संध्याकाळी परत आली. स्वयंपाकघरात मेहुणे फळं कापत होते. बाहेरच्या खोलीत ताईने धाकटीला काही न लपवता सगळं सांगितलं.

धाकटीने कोपराच्या आतला सुईचा ठिपका बोटाने दाबून पाहिला.

‘म्हणजे मला काहीच झालं नव्हतं?’

‘नाही.’

‘कधीच?’

‘कधीच नाही. चूक माझी आहे. तेव्हाही होती, नंतर तपासलं नाही तीही माझीच.’

ताईला वाटलं, ही आता ओरडेल, हाताला लागेल ते फेकून मारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. धाकटीने फक्त विचारलं, ‘आज केवढं असतं गं?’

‘एकतीस,’ ताई लगेच म्हणाली. ‘जूनमध्ये बत्तीस.’

‘मोजून आलीस.’

‘हो.’

स्वयंपाकघरातून मेहुण्यांनी हाक मारली, ‘ताई, थांबताय ना? तुमच्यासाठीही कापतोय.’

धाकटी उठली नाही. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

‘जा, ह्यांना तूच सांग,’ ती म्हणाली. ‘तेव्हाही तूच सांगितलं होतंस.’