दिगूचे बिनअक्षरांचे पुस्तक

दिगंबर गेल्याचा निरोप आला तेव्हा दुःखाच्याही आधी मनात आले, की आता ते सांगायचे राहूनच गेले... त्याचे पुस्तक छापले गेले नाही ते माझ्यामुळे, आणि हे मी त्याला अखेरपर्यंत कळू दिले नाही.

मुलुंडच्या एका शाळेत तो चित्रकला शिकवी, मी मराठी. साठ साल नुकतेच सरले होते. त्याची मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा त्याने तिच्यासाठी जाड पुठ्ठ्याचे पुस्तक केले. बादली, कावळा, चप्पल, फोडणीची पळी... पानागणिक एक चित्र, अक्षर एकही नाही. पुस्तक आधी तोंडात जाणार म्हणून कोपरे गोल कापलेले. आमच्या घरी पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करीत. इथे त्याची लेक पुस्तकावर खुशाल बसलेली!

"अरे, खाली 'बादली' एवढं तरी लिही," मी म्हणालो.

"मास्तर, ती काय वाचणार आहे? शब्द तिच्या आईकडे आहेत ना! मी एक छापला, की आई तेवढाच वाचून पान उलटणार."

ते त्याने एका प्रकाशकाकडे दिले. आमची मैत्री ठाऊक नसल्याने प्रकाशकाने नेमका माझाच अभिप्राय विचारला. "यात वाचण्याजोगे काही नाही," मी सांगून टाकले. मत प्रामाणिक होते. पण पुस्तक परत आले त्या संध्याकाळी दिगूच्या घरी चहा पीत मी त्या प्रकाशकाला नावे ठेवली, ती कशी प्रामाणिक म्हणू? "जाऊ दे रे, त्याला पोरंबाळं नसतील," म्हणत दिगूच मला हसवत होता. पुढे त्याने ते कुणालाच दाखवले नाही...

गेल्या आठवड्यात दिगूच्या बायकोला, मालतीवहिनींना, भेटायला गेलो. त्यांच्या लेकीचा मुलगा ते पुस्तक ओढत आला नि माझ्या मांडीवर बसला. कावळ्यावर बोट ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

"कावळा," मी म्हणालो. बोट हलेना.

"आणखी सांगा, भावजी. एवढ्यावर सुटका नाही तुमची!" वहिनी हसल्या.

"काळा आहे. खिडकीत येतो. पोळी पळवतो..." तो खुदकन हसला, नि बोट पुन्हा तिथेच. कावळ्याविषयी इतके मी वर्गातही कधी बोललो नव्हतो.

"हे छापलं असतं ना, तर यांना फार बरं वाटलं असतं," वहिनी सहज बोलून गेल्या.

"वहिनी, नको म्हणणारा मीच होतो. पुस्तक परत आलं त्या संध्याकाळी इथेच बसून तुमच्या हातचा चहा प्यायलो, आणि गप्प राहिलो. दिगूला सांगायचं धाडस झालं नाही. माझं चुकलं... मला क्षमा करा."